वायरवाले इअरफोन पारखायचे कसे : डग्गा, टाळ आणि बंद केलेला कूलर

वायरवाला इअरफोन घेतलाय किंवा घ्यायचाय, आणि तो चांगला की वाईट हे ठरवायचं कसं तेच कळत नाहीये, तर हे तुमच्यासाठी. मी काही साउंड इंजिनिअर नाही. भुसावळला राहतो, कामाला जळगावला, रोज पासवर रेल्वेनं जाणं-येणं, त्यामुळे कानात काहीतरी खुपसलेलं असतंच, आणि या नादापायी गेल्या पाच-सहा वर्षांत जेवढे पैसे घातले तेवढ्यात एखादी जुनी मोपेड सहज आली असती. घरच्यांना खरा आकडा अजून माहीत नाही, तो तसाच राहू द्या.

यातून मला एवढं कळलं की पारखायला भारी शब्द लागत नाहीत. लागतं काय, तर दोन्ही इअरफोनचा आवाज सारख्या लेव्हलला आणणं, आणि तुम्ही स्वतः समोर बसून ऐकलेला एखादा खरा आवाज. बाकी सगळं यानंतर.

आधी कानात नीट बसलाय का बघा

दुकानात सगळ्यालाच सरसकट हेडफोन म्हणतात, पण यात दोन जाती आहेत. एक चपट्या तोंडाचा, जो कानाच्या खळग्यात नुसता टेकतो, आणि दुसरा रबरी टिपवाला, जो कानाच्या नळीत शिरतो, त्याला हौशी मंडळी आयईएम म्हणतात. चपट्याला फोमची टोपी घालून ऐका, कारण बाजूनं हवा निसटते तिच्यासोबत खालचा घुमणारा आवाज, म्हणजे बेसही निसटतो, ते त्याच्या घडणीतच आहे, त्यामुळे त्याची तुलना आयईएमशी करूच नका. आवाज मोकळा वाटतो हे त्याचं सुख, आणि बाहेरची सगळी गडबड आत येते हे दुःख.

आयईएमचं म्हणाल तर निम्मा खेळ टिपचा आहे. माझी फजिती ऐका. अडीच हजारांचा एक सेट घेतला, डब्यात टिपच्या तीन जोड्या होत्या, मी लावून आलेली मधली तशीच ठेवली, आठवडाभर ऐकून ठरवलं की याला बेसच नाही, पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो, आणि मित्राला दीड हजारात देऊन टाकला. त्यानं मोठी टिप लावली. दुसऱ्या दिवशी म्हणतो, भाऊ, काय दणका आहे यार. मी मागून घेऊन ऐकला तर खरंच. माझा डावा कान उजव्यापेक्षा मोठा आहे हे मला वयाच्या एकतिसाव्या वर्षी कळलं, तेव्हापासून डावीकडे मोठी टिप आणि उजवीकडे मधली.

तर पद्धत अशी. कान दुसऱ्या हातानं वर आणि किंचित मागे ओढायचा, टिप आत सरकवायची, कान सोडायचा. मग ३०-४० हर्ट्झचा टोन लावायचा, टोन जनरेटरची फुकट अ‍ॅप भरपूर आहेत. तो घुमणारा आवाज दोन्ही कानात सारखा यायला पाहिजे. आता बोटानं इअरफोन हळूच आत दाबा. दाबल्यावर बेस एकदम वाढला तर समजा हवा निसटत होती, टिप बदला. मग दाणे चघळल्यासारखा जबडा हलवून बघा, तेवढ्यानं सुटत असेल तरी बदला. वायर कानावरून मागे घ्यायचं मॉडेल असेल तर तसंच घाला, खाली लोंबकळत ठेवली तर शर्टाला घासून खरखर थेट कानात येते. हे सगळं झाल्याशिवाय बेस चांगला की वाईट यावर तोंडच उघडू नका, मी उघडलं होतं आणि हजार रुपये गेले.

फोन आणि फाईल, हे पटकन उरकू

हल्लीच्या बऱ्याच फोनला ३.५ मिमीचं भोक नसतं, चार्जिंगच्या भोकात लावायचं डोंगल लागतं. त्यात डॅक असलेलंच घ्या, म्हणजे डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग करणारी चिप. नुसतं साधं अ‍ॅडॅप्टर प्रत्येक फोनवर चालत नाही आणि मग लोकं इअरफोनला शिव्या देतात. फोनमधला इक्वलायझर, सराउंड, बेस बूस्ट, जे काही असेल ते बंद. हे बंद करायला विसरून आपण इअरफोन नाही, फोनच पारखत बसतो. गाण्याची फाईल निदान ३२० केबीपीएसची तरी असावी, सीडीच्या दर्जाची म्हणजे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झची मिळाली तर उत्तमच, त्याच्या वरच्या आकड्यांमागे सुरुवातीला तरी धावू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर चार ग्रुप फिरून आलेल्या फाईलवर कुठलाही इअरफोन भिकारच वाजणार.

महागडी वायर घेतली की आवाज उघडतो म्हणतात. मी दोनदा घेतली. वायर दिसायला छान होती.

कूलर बंद करा

हे तुम्हाला पुण्या-मुंबईवाला कोणी सांगणार नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, घरात कूलर चोवीस तास चालू, आणि त्याची इतकी सवय असते की तो आवाज आहे हेच कान विसरतात. पण पंख्याची घरघर नेमकी खालच्या सुरातली असते आणि ती इअरफोनचा बेस झाकून टाकते, पाण्याची सरसर वरचा बारीक तपशील खाते. मग तुम्ही म्हणता बेस कमी आहे, आणि जास्त बेसवाला घेऊन बसता, तोच दिवाळीत ऐकला की डोकं उठतं. पंधरा मिनिटं कूलर बंद ठेवून घाम गाळा. माझं सगळ्यात चांगलं ऐकणं रात्री लाईट गेल्यावर झालंय, सगळी गल्ली चिडीचूप, फक्त मच्छर.

उलट तुम्ही ऐकणारच रोज रेल्वेगाडीत असाल तर एकदा गाडीतही ऐकून बघायचंच. बाहेरचा आवाज किती अडतो हेसुद्धा क्वालिटीतच धरायचं, कारण तो अडला नाही की माणूस व्हॉल्यूम चढवतो. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसासाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी मर्यादा सांगितलीय, आणि त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो, ८३ ला २० तास, ८६ ला १० तास. डब्यात दाराजवळ उभं राहून साध्या इअरफोननं गाणं ऐकायचं म्हटलं तर ही मर्यादा कधी ओलांडली कळतही नाही. कान गेले तर पारखणार कशानं.

व्हॉल्यूमचा घोळ

आता खरा मुद्दा. जळगावात एका दुकानात (नाव कशाला घेऊ) मी इअरफोन बघायला गेलो होतो. दुकानदारानं आधी आठशेवाला लावून दिला, मग तेच गाणं, तोच फोन, आणि बावीसशेवाला. बावीसशेवाला एकदम जिवंत, भरीव, बारीक बारीक गोष्टी ऐकू येतायत. घेतला. घरी आलो आणि भावाच्या जुन्या सेटशी जोडून बघितला तेव्हा लक्षात आलं की हा फक्त मोठ्यानं वाजत होता. भावाच्याचा व्हॉल्यूम दोन घरं वाढवला आणि सगळी जादू गायब.

त्याचं असं आहे की प्रत्येक इअरफोनची सेन्सिटिव्हिटी वेगळी असते, फोनवर तोच आकडा ठेवला तरी एक मोठा वाजतो, एक हळू. आणि फरक अगदी थोडा असला ना, की मेंदूला तो मोठा वाटतच नाही, चांगला वाटतो, तिथंच फसतो आपण. शिवाय आवाज कमी असताना कानाला बेस आणखी कमी ऐकू येतो, फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ सालीच हे मोजून दाखवलंय, त्यामुळे हळू वाजणारा सेट आपोआप फिका ठरतो, बिचाऱ्याचा दोष नसताना.

मग करायचं काय, तर कोणाचा तरी नुसता बोलण्याचा आवाज लावायचा, दोन्ही सेटवर तो सारखाच मोठा वाटेपर्यंत व्हॉल्यूम जुळवायचा आणि प्रत्येकाचा आकडा कागदावर लिहून ठेवायचा. फोनच्या बटणांच्या पायऱ्या जाड असतात, बऱ्याच फोनमधे पंधराच, म्हणून ज्या प्लेअरमधे स्वतःची बारीक व्हॉल्यूम पट्टी आहे तो वापरा. आणि माझी एक युक्ती, जो सेट जास्त आवडतोय त्याचाच आवाज मुद्दाम थोडासा कमी करा आणि परत ऐका. तरीही तोच आवडला तर काहीतरी आहे त्यात.

मामा, डग्गा आणि डबा

माझे मामा भजनी मंडळात तबला वाजवतात, तीस वर्षं तरी झाली असतील, हायफाय हा शब्द त्यांनी फक्त हॉटेलच्या बाबतीत ऐकलाय. एका एकादशीला भजन आटोपल्यावर त्यांच्या कानात मी दोन सेट आळीपाळीनं घातले, तबल्याचं एक स्वच्छ रेकॉर्डिंग लावून. पहिला सेट माझा लाडका, भरपूर बेसवाला. मामांनी दहा सेकंद ऐकलं आणि म्हणाले, “हाऊ डग्गा नही शे रे भो, डबा शे डबा.” दुसरा स्वस्तातला. थोडा वेळ मान हलवत बसले, बोटं मांडीवर चालायला लागली, मग म्हणाले, “हां, आते बोलना डग्गा.”

मला राग आला होता खरं सांगायचं तर. पण मग त्यांनी समोर डग्गा, म्हणजे डाव्या हाताचा मोठा तबला, घेऊन दाखवलं. ‘गे’ हा बोल वाजवताना मनगट कातड्यावर दाबत पुढे सरकवलं की सूर खालून वर चढतो, तो घुमत घुमत चढणारा सूर म्हणजे डग्ग्याचं बोलणं. माझ्या लाडक्या सेटवर काय होत होतं, तर प्रत्येक घाव एकाच ‘धम’ मधे जात होता, चढणं-उतरणं सगळं त्या धममधे बुडालेलं. बेस भरपूर होता पण बेसमधे सूरच नव्हता. दुसऱ्यावर बेस कमी, पण घाव सुरू कुठं झाला, चढला किती, थांबला कुठं, सगळं कळत होतं. तेव्हापासून बेस किती आहे हे मी विचारतच नाही, बेस बोलतो का ते बघतो.

उजव्या हाताचा तबलाही तसाच. मधल्या काळ्या शाईमुळं तबल्याला नेमका सूर येतो, एरवी नगाऱ्यासारख्या वाद्याला तो तसा नसतो, आणि याचं शास्त्र सी. व्ही. रामन यांनी १९२० साली मांडलंय. म्हणजे ‘ना’ वाजला की गाण्याच्या पट्टीतला सूर ऐकू यायला पाहिजे, नुसतं टक् नाही. तबला जर टेबलावर बोट आपटल्यासारखा वाजत असेल तर मिड्स (मधले सूर) आणि ट्रेबल (वरचे बारीक सूर) यांचा तोल कुठंतरी चुकलाय.

टाळ म्हणजे ट्रेबलची परीक्षा. खरा टाळ वाजला की आधी धातूचा घाव येतो आणि मग ती झणकार लांबत लांबत विरते. खराब ट्रेबलमधे ती शेपटी तुटते, नाहीतर नुसता ‘स्स’ उरतो, फोडणीत मिरची पडल्यासारखा, आणि पाच टाळ असले तरी एकच वाटतो. तंबोरा मिळाला तर सोनं. जवारी, म्हणजे तारेची ती झणझण, नीट लागलेला तंबोरा चार तारांचा असून त्यातून अनेक सूर उमलताना ऐकू येतात, हलक्या इअरफोनवर तीच एक सरळ गुणगुण होऊन बसते.

रेकॉर्डिंग स्वच्छ हवं एवढं मात्र बघा. मंडळात फोनवर रेकॉर्ड केलेलं चालणार नाही, फोन मोठा आवाज आपोआप दाबतो आणि बारीक आवाज वर ओढतो, तो खरा राहतच नाही. लग्नातल्या बँडची आणि डीजेवाली अहिराणी गाणी नाचायला एक नंबर, हळदीला मीच पुढे असतो, पण बरीचशी इतकी ठासून मोठी केलेली असतात की त्यावर चांगला-वाईट फरक कळत नाही.

‘चहा’ आणि ‘चमचा’

गाण्यापेक्षा नुसतं बोलणं ऐका असं मी प्रत्येकाला सांगतो, कारण माणसाचा आवाज आपण जन्मापासून ऐकतोय, त्यात खोट आली की आतून लगेच कळतं. आकाशवाणीवरचं मराठी निवेदन यासाठी झकास. बाई किंवा बुवा समोर बसून बोलल्यासारखे वाटतायत, की मडक्यात तोंड घालून, की नाक दाबून? मडक्यात वाटले तर खालचे मिड्स फुगलेत, नाक दाबल्यासारखे वाटले तर हजार हर्ट्झच्या आसपास काहीतरी जास्त आहे.

आणि आपल्या भाषेत एक फुकटची टेस्ट आहे. ‘चहा’ मधला च आणि ‘चमचा’ मधला च वेगळा, ‘जीवन’ मधला ज आणि ‘जहाज’ मधला ज वेगळा. हा फरक बराचसा वरच्या फ्रिक्वेन्सीत असतो. चांगल्या सेटवर तो सहज कळतो, दबलेल्या ट्रेबलच्या सेटवर दोन्ही च सारखेच गुळगुळीत होतात. आणि ५ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात उंचवटा असला तर स, श, च, छ सगळे कानात टोचतात, त्याला सिबिलन्स म्हणतात. ‘सासूबाईंनी चकल्या सोसायटीत वाटल्या’ असलं काहीतरी बायकोकडून रेकॉर्ड करून घ्यायचा विचार होता, तिच्या नजरेकडे बघून सोडून दिला.

डावं-उजवं

मोनो आवाज लावा, म्हणजे दोन्हीकडे एकच. तो डोक्याच्या बरोबर मध्यभागी यायला पाहिजे. एका बाजूला झुकत असेल तर डावा इअरफोन उजव्या कानात आणि उजवा डाव्यात घाला. झुकाव दुसऱ्या बाजूला गेला तर दोष इअरफोनमधे नाहीतर फोन-डोंगलमधे, तिथंच राहिला तर तुमच्या कानात, बहुतेक मळ, डॉक्टरांना दाखवा, कापसाच्या काडीनं कोरत बसू नका. आणि मोनो आवाज मधे न येता डोक्याभोवती धुरासारखा पसरत असेल, तर निघणारी वायर एका बाजूला उलटी लागलीय का बघा, दोन पिनवाल्यांत हे होतं. सरळ केली की गायक परत जागेवर.

साउंडस्टेज म्हणजे आवाज किती लांबवर पसरलाय ते. आयईएममधे तो फार नसतोच, आवाज मुळात कानाच्या नळीतच तयार होतोय, कितीही पैसे टाकले तरी सभागृह येणार नाही. त्यापेक्षा हार्मोनियम इथं, तबला तिथं, टाळवाले मागे, अशी प्रत्येकाची जागा वेगळी कळते का ते बघा.

ग्राफ बघायचा की नाही

ग्राफ म्हणजे इअरफोन कुठला सूर किती मोठा वाजवतो त्याची रेघ. बघा, पण कानात घातल्यानंतर. ग्राफमधे ३ किलोहर्ट्झच्या आसपास मोठा उंचवटा दिसला की नवखे घाबरतात. तो असायलाच पाहिजे, कारण उघडा कान स्वतःच तेवढ्या भागात आवाज वाढवतो, इअरफोननं ते भरून काढायचं असतं. हार्मन या ऑडिओ कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना ऐकवून ऐकवून बहुतेकांना कुठला तोल आवडतो ते शोधलं, ग्राफवर जी हार्मन टार्गेटची रेघ दिसते ती त्यातूनच आलीय. बहुतेकांना, म्हणजे तुम्हाला असंच नाही. आणि ८ किलोहर्ट्झच्या वरचं टोक मनावर घेऊ नका, ते इअरफोन किती खोल घातला त्यावर सरकतं. वेगवेगळ्या मशीनवर काढलेले दोन ग्राफ शेजारी ठेवून भांडूही नका.

व्ही-शेप हा शब्द ऐकाल, म्हणजे बेस आणि ट्रेबल वर, मधलं खाली. आपल्या भाषेत तर्रीवाली शेवभाजी. पहिल्या घासाला जबरदस्त, दुकानात दहा मिनिटं ऐकायला हाच जिंकतो. पण रोज दोन्ही वेळ तर्री खाऊन बघा.

म्हणून शेवटचा टप्पा वेळेचा. पहिल्या दिवशी शेजारी-शेजारी तुलना करा, अर्ध्या तासापेक्षा जास्त नको, कान थकले की सगळंच सारखं लागतं. मग एक सेट चार दिवस एकटाच वापरा आणि पाचव्या दिवशी जुना घाला, जे खटकेल ते लिहून ठेवा. बर्न-इन म्हणून शंभर तास वाजवत ठेवा असं कोणी सांगेल, माझ्या मते त्यात इअरफोन कमी आणि आपले कानच जास्त सरावतात. दुकानात परत करायची मुदत मात्र त्या शंभर तासांत निघून जाते, हे लक्षात असू द्या. ड्रायव्हर, म्हणजे आतले छोटे स्पीकर, किती आहेत तेही मोजत बसू नका, एक डायनॅमिक ड्रायव्हर नीट बसवलेला असला तर पाचवाल्याला पाणी पाजतो, आणि आता दोन हजारांच्या आसपास मूनड्रॉप चू २ किंवा सेव्हनहर्ट्झ झीरो यांसारखे एकाच ड्रायव्हरचे सेट मिळतात, नवख्यानं त्यातलाच एखादा घेऊन कान तयार करावा असं मला वाटतं.

एक राहिलंच. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घाम आणि मळ मिळून इअरफोनच्या तोंडावरच्या जाळीत बसतो, आणि दोन-तीन महिन्यांनी एका बाजूचा आवाज हळू होतो, लोकं समजतात गेला. टिप काढा, जाळी खाली धरा म्हणजे कचरा आत पडणार नाही, कोरड्या मऊ ब्रशनं झाडा. पाणी नको, फुंकरही नको, फुंकरीत थुंकी जाते. टिप वेगळ्या धुवून वाळवा, पूर्ण वाळल्याशिवाय लावू नका, आणि मग परत तो ३०-४० हर्ट्झचा टोन.